टोपीवाल्या कुर्लीचं बाळंतपण

बाईंनी बादलीवरचं ओलं पोतं उचललं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “टिपणीस, हिचे दिवस भरत आलेत.”

सर अंगणात स्कूटरला किक मारत होते. त्यांनी हँडल सोडूनच दिलं. स्कूटर माडाच्या आळ्यात आडवी झाली, पण तिच्याकडे ढुंकूनही न बघता ते धावत ओसरीवर आले आणि बादलीपाशी गुडघे टेकून बसले. मीही बसले. बादलीच्या तळाशी फक्त पिवळट स्पंजाचा एक घुमट दिसत होता, आणि तो घुमट हळूहळू चालत होता.

“उचल गं, शेवाळे,” सर म्हणाले.

मी दोन्ही बाजूंनी धरून उचललं. घुमटाखाली मखमलीसारखी लव असलेली तपकिरी कुर्ली होती. पुढच्या पायांनी ती हवेत चालत होती आणि मागच्या दोन जोड्या पाठीवर वळवून तिने तो स्पंज गच्च धरून ठेवला होता. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोसच्या घोस होता.

ती आणून देणारा पांडू तारी पायरीवर उभा राहून आम्हा तिघांकडे बघत होता. “बाईनूं, ही काय खाऊची न्हय,” तो म्हणाला. “टोपी घालून फिरता. तुमच्याच कामाची म्हणान आणलंय.”

“पांडू, तुझ्या तोंडात साखर पडो,” बाई म्हणाल्या, आणि खरोखरच आत जाऊन त्याच्यासाठी डब्यातली वडी घेऊन आल्या.

हे ब्याऐंशी सालातलं, मालवणातलं. यशवंत टिपणीस हे माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक. कुमुदबाई त्यांच्या पत्नी. त्या मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि सरांइतकंच त्यांचंही नाव खेकड्यांच्या अभ्यासात घेतलं जायचं. पाऊस संपून होड्या समुद्रात जायला लागल्या की दोघं रजा टाकून मालवणात भाड्याच्या घरात येऊन राहायचे. त्या वर्षी मागच्या खोलीत मी होते. मी कराडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एमएस्सीच्या सहलीत, आणि तेव्हापासून माझं घरच्यांच्या भाषेत डोकं फिरलं होतं.

तर या नवरा-बायकोचं एक जुनं भांडण होतं, आणि ते या टोपीवाल्या कुर्लीवरूनच होतं. प्रश्न सरळ होता. मालवणात खेकड्याला कुर्लीच म्हणतात, पण ही खरोखर खेकडा आहे की नाही?

सर म्हणायचे, नाही. दिसते खेकड्यासारखी, पण रक्ताने ती त्यांची नव्हे. रिकाम्या शंखात घुसून राहणारे ते लहान प्राणी किनाऱ्यावर दिसतात ना, तिची भाऊबंदकी त्यांच्याशी. पुरावा काय, तर पिल्लू. अंड्यातून निघालेलं पिल्लू खेकड्यासारखं मुळीच नसतं. कोळंबीच्या बाळासारखं पारदर्शक, शेपटीवाला, पाण्यात तरंगणारा ठिपका असतो तो. त्या शेपटीच्या टोकाला काटे असतात. साध्या खेकड्यांच्या पिल्लाला नुसते काटे, पण शंखवाल्यांच्या पिल्लाला त्या काट्यांच्या शेजारी एक अगदी बारीक केस असतो. तोच केस टोपीवालीच्या पिल्लालाही असतो. “आणि मागचे पाय बघा,” सर म्हणायचे. “तो मागच्या पायांनी शंख धरतो, ही स्पंज धरते. शंख सोडून स्पंज घेतलेली बाई आहे ही.”

बाई म्हणायच्या, केस तर केस. “गावातल्या दोन घरांत अजून चूल आहे आणि बाकीच्यांकडे गॅस आला, तर ती दोन घरं एकमेकांची भाऊबंद ठरत नाहीत, टिपणीस. पूर्वी चूल सगळ्यांकडेच होती. दोघांनी जुनं टाकलं नाही, एवढंच.” त्यांच्या मते टोपीवाली ही खेकडाच होती, अगदी आद्य. असे आद्य खेकडे आणखीही काही होते आणि त्यांचं सगळ्यांचं मिळून एक जुनं घराणं होतं, कारण त्यांच्या माद्यांची अंडी बाहेर पडण्याची भोकं पायाच्या बुडाशी असतात. नव्या खेकड्यांत ती छातीवर सरकलेली असतात.

दोघांनी एकमेकांविरुद्ध इतकं छापलं होतं की परदेशातले लोक त्यांना एकाच आडनावाचे दोन शत्रू समजायचे. घरात बाई त्यांना ‘अहो’ म्हणत. ‘टिपणीस’ म्हटलं की समजायचं, विषय खेकड्याचा आहे. जेवताना खेकड्यांचं नाव काढायचं नाही, असा नियम होता. कालवण कुर्ल्यांचं असलं की तिघंही मुकाट जेवत असू.

पण त्या दिवशी नियम मोडला. भात वाढता वाढता बाई म्हणाल्या, “पिल्लं शेवटपर्यंत वाढवायची. मोठीची शेपटी मिटलेली आहे, पण ती नंतर जडलेली सवय म्हणाल तुम्ही; लहानपण संपून पहिलं नवं अंग येईल तेव्हा खरं कळेल. शेपटी घडी घालून छातीखाली चपटी बसली तर माझं खरं. शंखवाल्यासारखी मऊ आणि मोकळी राहिली तर तुमचं.”

“आणि हरेल त्याने?” सरांनी विचारलं.

“हरेल त्याने पणजीच्या परिषदेत दुसऱ्याचा पेपर व्यासपीठावर उभं राहून वाचायचा. मनापासून.”

सरांनी आमटीचा हातच पुढे केला. बाईंनी तो धरला. साक्षीदार मी.

मी हसत होते, पण पणजी म्हटल्यावर मला घरचं ठरलेलं आठवलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे सांगितलं होतं की झालं तेवढं शिक्षण पुरे. मेहुण्यांनी कराडच्या एका सहकारी बँकेत माझं काम पक्कं केलं होतं. आबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. माणूस कधी आवाज चढवणारा नव्हे. “परिषद होऊ दे तुझी,” ते म्हणाले होते. “मी पणजीला येतो, तिथूनच सामान घेऊन जाऊ.” मी मान डोलवली होती. सरांना आणि बाईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

मग बाळंतपण सुरू झालं.

मी उत्साहाच्या भरात न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ घासून आणलं, तर बाई ओरडल्याच. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरी कुर्ल्या मरतात. शेवटी काचेची टाकी ओसरीवर ठेवली. खाडीचं पाणी गोडं-खारं मिसळलेलं, म्हणून सर आणि मी स्कूटरवर कॅन बांधून पार खडकांपलीकडून पाणी आणायचो. येताना निम्मं माझ्या साडीवर सांडायचं. शेजारच्या वरसकर वहिनी रोज कुंपणापाशी येऊन चौकशी करायच्या, “कशी आसा पोरगी?” बाई गंभीरपणे सांगायच्या, “आज जरा हालचाल कमी आहे.”

चार-सहा दिवसांत वेगळंच संकट आलं. स्पंज कुजायला लागला. पाण्याला वास सुटला. तो काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. मी चिमट्याने ओढला तर तिने सोडेना; शेवटी सुटला तेव्हा ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली आणि मागचे चारही पाय रिकाम्या पाण्यात चाचपडायला लागले.

“असं उघडं नका ठेवू तिला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. “अहो, काहीतरी द्या.”

सरांनी आपली हवाई चप्पल दिली. तिने नांगी लावून पाहिली आणि ढकलून दिली. मग अंगपुसणं दिलं. तेही नको. मग सर अंगणात गेले आणि खिशातल्या सुरीने त्यांनी स्कूटरची सीट उभी चिरली. आतला फोम ओढून काढला, उकळला, पिळला, पुन्हा उकळला आणि एक मोठा तुकडा टाकीत सोडला.

तिने तो आधी चहूबाजूंनी तपासला. मग एका कडेला बसून नांग्यांनी कातरायला लागली. दुपारभर ती कातरत होती आणि आम्ही तिघं टाकीभोवती पाटांवर बसून होतो. चहा गार झाला. भुकेची कुणाला आठवण झाली नाही. तिने आपल्या मापाचा गोल वेगळा केला, मग तो उलटा करून आतून पोखरला, पाठ बसेल एवढा खळगा केला, आणि एका झटक्यात अंगावर घेतला. मागच्या पायांनी दोनदा इकडेतिकडे सरकवून नीट बसवला. टोपी जराशी तिरकी बसली होती.

“शिंपी आणावा तर असा,” बाई म्हणाल्या.

“शंखवाल्यांचेच गुण,” सर म्हणाले, “घर शोधायचं आणि पाठीवर घ्यायचं.”

“माझ्या नवऱ्याच्या सीटचं घर केलं तिने, तरी तुम्ही तिला परकी म्हणता, टिपणीस.”

त्यानंतर सर स्कूटरवर उशी बांधून बसायचे.

पिल्लं झाली ती एका पहाटे. मी दात घासत टाकीपाशी गेले, तर पाणी हललेलं दिसलं. ती पायांवर उंच उभी राहिली होती आणि पोटाखालची शेपटी झपझप उघडझाप करत होती, आणि प्रत्येक झटक्यासरशी बारीक धुळीचा लोट उठावा तशी पिल्लं बाहेर पडत होती. मी तोंडातल्या फेसासकट हाका मारल्या. सर बनियनवर आले, बाई अर्धी वेणी घातलेल्या आल्या. तिघांनी काचेला नाकं लावली. पाण्यातून उजेड गेला तेव्हा दिसलं, त्या धुळीला हजारो डोळे होते.

“केस आहे का बघ,” सर हळूच म्हणाले.

मी एक पिल्लू काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवलं. शेपटीच्या टोकाला काट्यांशेजारी तो बारीक केस होता. सरांनी बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बाई म्हणाल्या, “चूल,” आणि वेणी पुरी करायला आत गेल्या.

पुढचे आठवडे कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मिठागरातल्या चिमुकल्या कोळंब्यांची अंडी बाटलीत उबवून त्यांची पिल्लं आम्ही आमच्या पिल्लांना भरवायचो. रोज पाणी बदलायचं, मेलेली वेचायची. मरायची तर खूपच. हजारांची शेकड्यांवर आली, शेकड्यांची मूठभर राहिली. एका दुपारी वीज गेली आणि पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला. वीज यायची चिन्हं दिसेनात, तेव्हा सरांनी सायकलचा पंप आणला आणि आम्ही पाळीपाळीने हवा मारायला बसलो. पंप मारता मारता दोघं भांडत होते. हवा मारायची पाळी ज्याची, त्याला बोलायला दम राहायचा नाही, म्हणून दुसऱ्याचं फावायचं. आपला मुद्दा अडचणीत आला की बाई म्हणायच्या, “आता पंप तुमच्याकडे,” आणि सर तो घ्यायचे, कारण पिल्लं मरू देणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. संध्याकाळी वीज आली तेव्हा आमचे दंड वर होईनात. वरसकर वहिनींनी न विचारता पेजेचं पातेलं आणून ठेवलं होतं. चमचा तोंडापर्यंत नेता येईना म्हणून आम्ही तिघंही वाट्या तोंडाला लावून पेज प्यायलो आणि हसून हसून सरांना ठसका लागला.

मला तेव्हा वाटलं होतं, बँकेत पेज अशी पिणार कुणाबरोबर. पण लगेच तो विचार मी झटकून टाकला.

शेवटी मोजकीच उरली. त्यांचं तरंगणं बंद झालं, ती तळाशी बसायला लागली. एके सकाळी मी भिंग लावून पाहिलं तर एक पारदर्शक कात पाण्यात पडली होती, आणि तिच्याशेजारी मोहरीएवढं काहीतरी आडवं चालत होतं.

मी उचलून मायक्रोस्कोपखाली घेतलं. ते पालथं होतं. मी सुईने उताणं केलं. शेपटी छातीखाली, नीट घडी घालून, चपटी बसलेली होती. सुईच्या टोकाने उघडली तर ती परत मिटली.

मी उठले आणि सरांना जागा दिली. ते वाकले. सुईने त्यांनी ती शेपटी पुन्हा दोनदा उघडून पाहिली. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा विलक्षण भ्यालेला होता. मला वाटलं, त्यांना हरण्याची भीती वाटत असेल. आता वाटतं, जिंकण्याची.

“कुमुद,” सर न उठता म्हणाले, “अगं, खेकडाच आहे ही.”

मुलगा पास झाल्याचं सांगावं तसा आवाज होता.

“अहो, नीट बघा,” बाई म्हणाल्या. “घाई करू नका.”

“नीटच बघितलं.” ते उठले. डोळे पाणावले होते आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं. “म्हणजे इतकी वर्षं मी… पण किती सुंदर चूक होती गं. सगळं बसत होतं तिच्यात.”

मी फोमचा टाचणीच्या डोक्याएवढा कण त्या बाळाच्या अंगावर सोडला. मागचे पाय वर आले, कण सापडला, पाठीवर गेला. बाईंनी ते पाहिलं आणि त्या मटकन पाटावर बसल्या. मग हसायलाच लागल्या.

सरांनी बाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि बाजारात जाऊन गुळाच्या खाज्याचे पुडे आणले. उशी घाईत घरीच राहिली होती आणि सीटमध्ये फोम नव्हता, नुसत्या स्प्रिंगा होत्या, त्यामुळे येताना दोघंही आलटून पालटून वर उडत होते. आळीत घरोघरी खाजा वाटला. वरसकर वहिनींनी पुडा हातात घेत विचारलं, “काय झाला?”

“खेकडा झाला,” सर म्हणाले.

परिषद पणजीला होती. आबा सकाळीच कराडहून एसटीने आले होते, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, बगलेत पिशवी. माझी ट्रंक सभागृहाच्या दाराशी ठेवलेली त्यांनी बघितली. “भरलीस व्हय,” एवढंच म्हणाले. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं.

सर व्यासपीठावर गेले आणि ठरल्याप्रमाणे बाईंचा पेपर वाचायला लागले. मनापासून वाचायचा असं ठरलं होतं, तर त्यांनी जीव ओतला. “या बाबतीत टिपणीस यांचं म्हणणं उथळ आहे,” हे वाक्य त्यांनी चष्मा वर करून, सभागृहाकडे बघत, इतकं चवीने वाचलं की लोक हसायला लागले. “टिपणीस यांना केस दिसतो, पण डोकं दिसत नाही.” हे बाईंनी लिहिलेलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या रांगेतून बाई उठल्या.

“वाचणाऱ्यांनी तिसऱ्या मुद्द्याचं समाधानकारक उत्तर दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष डॉ. लवंदे गोंधळले. “बाई, पेपर तुमचाच आहे.”

“म्हणूनच तो कुठे कच्चा आहे ते मला माहीत आहे.”

मग जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. बाई सरांच्या जुन्या बाजूने भांडत होत्या, सर बाईंच्या बाजूने. एकमेकांची वाक्यं त्यांना पाठ होती. कुठलं शस्त्र कुठे ठेवलंय ते घरातल्या चमच्यासारखं माहीत होतं. आधी बोलणं इंग्रजीत होतं, पण ऐन रंगात आल्यावर दोघंही मराठीवर उतरले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. चहाची वेळ टळून गेली. शेवटी डॉ. लवंदे हात वर करून म्हणाले, “पिल्लं वाढवली कोणी? त्यांना बोलू द्या.”

मी उभी राहिले. एवढंच सांगायचं होतं की शेपटी घडी घातलेली होती. ते मी सांगितलं. आणि मग, बसायच्या ऐवजी, मी बोलत राहिले.

“ही खेकडा आहे, यात शंका नाही,” मी म्हणाले. “पण बाई म्हणतात की आद्य खेकडे सगळे मिळून एक घराणं आहेत, ते मला पटत नाही. पायाच्या बुडाशी भोकं आहेत म्हणून ते एक. पण ती भोकं पूर्वी सगळ्यांचीच तिथे असणार. नव्यांनी जागा बदलली, जुन्यांनी बदलली नाही. दोन घरांत चूल राहिली म्हणून ती भाऊबंद होत नाहीत, असं बाईच सरांना सांगतात. मग सरांचा केस जर चूल असेल, तर बाईंची भोकंसुद्धा चूलच आहे. मला वाटतं, आद्य खेकडे नावाचं घराणंच नाही. एकाच रस्त्यावरून एकेक जण वेगवेगळ्या ठिकाणी वळून गेला. टोपीवाली फार आधी वळली. बाकीचे नंतर. जे वळले नाहीत त्यांना आपण आज साधे खेकडे म्हणतो.”

मी सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. दोघं एकमेकांकडे बघत होते.

“साफ चूक,” बाई म्हणाल्या.

“साफ चूक,” सर व्यासपीठावरून म्हणाले.

आणि मग ते दोघं माझ्यावर तुटून पडले. बाईंनी मागच्या पायांचा मुद्दा काढला, सरांनी तो वाक्याच्या मध्येच उचलून पुढे नेला. सरांचा श्वास संपला तिथून बाईंनी धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एका बाजूला होते आणि समोर मी होते. मी उत्तर द्यायला गेले तर बाई म्हणाल्या, “थांब, शेवाळे, अजून माझं संपलेलं नाही,” आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक होती, जशी त्या सरांशी भांडताना असायची. मीही थांबले नाही. कधी आवाज चढला, कधी फळ्यापाशी गेले, सरांच्या हातातून खडू कधी घेतला, कळलं नाही. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पुढे पेशींमधली जनुकं वाचता यायला लागली तेव्हा माझं म्हणणं बरंचसं उजवं ठरलं, पुरतं नाही. त्यावर अजून कुणी ना कुणी भांडतंच आहे. बाईंनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. सरांनी केलं, पण बाई घरात नसताना, फोनवर.

त्या दिवशी सभागृह रिकामं झालं तेव्हा आबा मागच्या रांगेत तसेच बसून होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मी जाऊन शेजारी बसले. समोर सर आणि बाई फळ्यावर मी काढलेला रस्ता पुसून दुसरा काढत होते.

“ह्ये दोघं तुझ्यावर चिडलेत का?” आबांनी विचारलं.

“नाही, आबा.”

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. “अशी भांडणं मी जमिनीच्या वाटणीच्या वक्ताला बघितल्यात,” ते म्हणाले. “पर तितं कुणी हसत न्हाई.”

बाईंनी लांबूनच हाक मारली, “शेवाळे, इकडे ये, तुझं वळण कुठे येतं ते दाखव.” मी आबांकडे पाहिलं. आबांनी फेटा डोक्याला गुंडाळायला घेतला. एकेक पदर सावकाश बसवत ते म्हणाले, “इंदे, बँकेत तुझ्याशी भांडणार कोण?”

आणि दाराशी ठेवलेली माझी ट्रंक तिथेच सोडून, पिशवी बगलेत मारून ते कराडची एसटी गाठायला निघाले.